परदेशात तरुणांना लैंगिक आरोग्य शिकवायला जाताय? निघण्याआधीची तयारी

प्रश्नपेटीतून निघालेली एक चिठ्ठी मला अजून आठवते. "हे दुखणं बरं होतं का?" एवढंच विचारलं होतं, खाली दोन ओळींत वर्णन. दुभाषी बाई चिठ्ठी वाचून क्षणभर थांबल्या. झोपेत होणाऱ्या वीर्यस्खलनाबद्दलचा तो प्रश्न होता आणि लिहिणाऱ्या मुलाला तो आजार वाटत होता. उत्तर मला माहीत होतं. पण ते त्याच्या भाषेत, त्याला कळेल असं, वर्गात कुणाला न लाजवता कसं सांगायचं याची तयारी मी केलेली नव्हती. शेवटी तिथल्या शिक्षिका पुढे झाल्या. तीन-चार वाक्यांत त्यांनी सांगितलं आणि वर्गातली अनेक मुलं सैल होऊन बसली. म्हणजे प्रश्न एकट्याचा नव्हता.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं. परदेशातून आलेल्या स्वयंसेवकाने अशा शिक्षिकेच्या पाठीशी उभं राहावं, तिच्या जागी नाही. पुढे जी तयारी सांगते आहे ती याच समजुतीवर बेतलेली आहे.

पायरी १: काम नीट विचारून घ्या

"मुलांशी बोलायला आवडतं" एवढ्यावर हे काम होत नाही. संस्थेला होकार देण्याआधी तिला थेट प्रश्न विचारा. स्वयंसेवक हवा अशी मागणी तिथल्या स्थानिक संस्थेने केली आहे का? मी रोज कुणाबरोबर काम करणार? मी परत आल्यावर मुलांनी कुणाकडे जायचं? एखाद्या मुलीने अत्याचाराबद्दल सांगितलं तर मी कुणाला फोन करायचा, त्या व्यक्तीचं पद काय?

संस्था तुम्हालाही तपासते का, हे बघा. पोलिसांकडचं चारित्र्य प्रमाणपत्र, दोन ओळखीच्या व्यक्तींचे संदर्भ, मुलाखत आणि बालसंरक्षणाच्या नियमांवर सही, एवढं तरी मागितलं जायलाच हवं. जी संस्था यातलं काही न विचारता, फक्त पैसे भरून घेऊन तुम्हाला मुलांच्या वर्गात उभं करते, तिच्याकडे जाऊ नका. ती उद्या दुसऱ्या कुणालाही तसंच उभं करणार आहे.

वाटा बऱ्याच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात १८ ते २६ वयोगटासाठी वेगळी योजना आहे आणि घरबसल्या ऑनलाइन करण्यासारखी कामंही असतात. आंतरराष्ट्रीय कुटुंब नियोजन महासंघ १९५२ मध्ये स्थापन झाला. अनेक देशांतल्या स्थानिक संस्था त्याच्या सदस्य आहेत आणि तरुणांसाठी केंद्रं चालवणाऱ्याही त्यांत आहेत. तुम्ही वैद्यकीय विद्यार्थी असाल तर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघात लैंगिक आणि प्रजनन आरोग्यावर काम करणारी कायमची समिती आहे. तिच्यातून प्रशिक्षणही मिळतं आणि इतर देशांतल्या विद्यार्थ्यांशी ओळखही होते.

मुक्काम किती, हेही महत्त्वाचं. दोन आठवड्यांच्या फेरीत मुलांना एक नवा चेहरा दिसतो आणि निघून जातो. तेवढाच वेळ असेल तर वर्गात जाऊ नका. त्याऐवजी साहित्य तयार करणं, सत्रांची आकडेवारी नीट लावणं, मुलांसाठीच्या छोट्या ध्वनिफितींची तांत्रिक बाजू सांभाळणं, अशी कामं मागून घ्या. दमून गेलेल्या स्थानिक गटाला या कामांचा मोठा आधार वाटतो.

पायरी २: विषय मुळापासून शिका

आपण मोठे आहोत म्हणून आपल्याला हे सगळं येतं, हा गैरसमज आधी सोडा. युनेस्कोने संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांबरोबर लैंगिकता शिक्षणाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २००९ मध्ये काढली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. ती मोफत मिळते. पूर्ण वाचा. तिच्यात आठ मुख्य संकल्पना आहेत आणि ५ ते ८, ९ ते १२, १२ ते १५ आणि १५ ते १८ व पुढे अशा वयोगटांनुसार काय शिकवायचं ते दिलं आहे. पहिल्यांदा वाचताना लक्षात येतं की शरीर आणि गर्भनिरोधन हा त्यातला एक भाग आहे. नाती, हक्क, लिंगभाव (बाईने किंवा पुरुषाने कसं वागावं याच्या समाजाने ठरवलेल्या कल्पना), हिंसेपासून सुरक्षितता आणि निर्णय घेण्याची कौशल्यं यांनी बरीच जागा व्यापली आहे. लहानांच्या गटात तर सुरुवात मैत्री, कुटुंब आणि "माझ्या शरीराला कुणी हात लावायचा ते मी ठरवणार" इथून होते.

त्या मार्गदर्शिकेतला आणखी एक निष्कर्ष पाठ करून ठेवा, कारण पालक तुम्हाला हे विचारणारच. लैंगिकता शिक्षण दिल्याने मुलं लवकर संबंध ठेवू लागतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. नुसतं "लग्नापर्यंत थांबा" असं सांगणारे कार्यक्रमही मुलांना थांबवण्यात यशस्वी झालेले नाहीत.

काही गोष्टी मात्र ओठांवर हव्यात, कारण तिथे तासांचा हिशेब असतो. असुरक्षित संबंधानंतर आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी पाच दिवसांपर्यंत घेता येते, पण जितकी लवकर तितकी उपयोगी. तांबी बसवणं हाही त्याच पाच दिवसांतला, आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता असेल तर प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. निरोध दर वेळी बरोबर वापरला तर वर्षभरात गर्भधारणा टाळण्यात ९८ टक्के परिणामकारक ठरतो. माणसं प्रत्यक्षात जसा वापरतात तसा धरला तर ८७ टक्के. मधल्या ११ टक्क्यांत तुमच्या शिकवण्याला जागा आहे: मुदत तपासणं, टोक चिमटीत धरून हवा काढणं, सुरुवातीपासून घालणं, लॅटेक्सच्या निरोधावर तेल न लावणं.

एचआयव्हीबद्दल जुनी भीती घेऊन जाऊ नका. नियमित औषधांनी रक्तातलं विषाणूंचं प्रमाण चाचणीत न सापडण्याइतकं खाली आलेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. तुमच्या वर्गात जन्मापासून एचआयव्हीसह जगणारी मुलं असू शकतात. हे वाक्य त्यांच्यासाठी किती मोठं आहे याचा विचार करा. आणि कुजलेल्या अवयवांची चित्रं दाखवून घाबरवू नका. अनेक लैंगिक संसर्गांची काही लक्षणंच दिसत नाहीत. चित्रासारखं काही आपल्याला झालेलं नाही म्हणून मूल निश्चिंत होतं आणि तपासणीला जात नाही.

पायरी ३: शब्द

ही पायरी बहुतेकजण गाळतात. मी मात्र सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायला सांगेन.

आधी आपलीच भाषा ऐकून बघा. "स्वप्नदोष" म्हणताना आपण एका नैसर्गिक गोष्टीला दोष ठरवून मोकळे होतो. "गुप्तरोग" या शब्दातच लपवाछपवीची सूचना आहे, मग तो झालेला मुलगा दवाखान्यात जाईल कसा? "कौमार्यपटल" हा शब्द तर शरीरात नसलेली गोष्ट सांगतो. तिथे बंद पडदा नसतो. योनीमार्गाच्या तोंडाशी लवचीक ऊतींची कडा असते, ती प्रत्येकीची वेगळी असते आणि तिच्यावरून कुणाचा लैंगिक इतिहास ओळखता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांनी २०१८ मध्ये कौमार्य चाचणी बंद करण्याचं आवाहन केलं ते याच कारणाने: तिला वैज्ञानिक आधार नाही.

असं प्रत्येक भाषेत असतं. स्वीडिशमध्येही कौमार्याचा पडदा अशाच अर्थाचा शब्द होता. तिथल्या आरएफएसयू या लैंगिकता शिक्षणाच्या संस्थेने २००९ मध्ये त्याऐवजी "स्लीडक्रान्स" हा शब्द सुचवला. त्याचा अर्थ साधारण योनीमार्गाभोवतीचं कंकण. एक शब्द बदलला की त्याला चिकटलेली चौकशीही ढिली होते.

तेव्हा वही घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात शास्त्रीय शब्द, दुसऱ्यात मुलं आपसात वापरतात तो, तिसऱ्यात आईशी किंवा डॉक्टरांशी बोलताना चालेल असा. शिश्न, वृषण, योनी, योनीमार्ग, गुदद्वार, पाळी, वीर्य, हस्तमैथुन, संमती, गर्भपात: किमान एवढ्यांचे तिन्ही रकाने ज्या देशात जाणार तिथल्या भाषेत भरा. शब्दकोशातून भरू नका. तिथल्या सहकाऱ्याबरोबर व्हिडिओ कॉलवर बसा आणि प्रत्येक शब्दाला विचारा की हा शिवी म्हणून वापरतात का, मुलींसमोर म्हटला तर काय होईल. मग हे शब्द मोठ्याने म्हणा. आरशासमोर, मित्रासमोर, जेवणाच्या टेबलावर म्हणावे लागले तरी म्हणा. "योनी" म्हणताना आवाज खाली गेला की मुलांना तेवढं पुरतं. हा विषय लाजेचा आहे, हे तुम्ही त्यांना न बोलता शिकवलेलं असतं.

दुभाषी असेल तर त्यांच्याबरोबर सत्राआधी निदान एक तास बसा. प्रत्येक शब्द कसा सांगणार ते ठरवून घ्या. तुमचं लांबलचक वाक्य दोन शब्दांत उरकलं जात असेल तर दोष त्यांच्यावर टाकू नका. त्यांनाही संकोच आहे आणि तुम्ही गेल्यावर त्यांना त्याच गावात राहायचं आहे. मुलांचे नातेवाईक किंवा वर्गशिक्षक दुभाषी म्हणून घेणं टाळा. त्यांच्यासमोर कुठलंही मूल खरा प्रश्न विचारणार नाही.

पायरी ४: तिथला कायदा

संमतीचं वय देशोदेशी वेगळं आहे आणि बदलतंही आहे. फिलिपीन्सने २०२२ मध्ये ते १२ वरून १६ केलं, जपानने २०२३ मध्ये १३ वरून १६. गर्भपातावर एल साल्वादोरमध्ये १९९८ पासून संपूर्ण बंदी आहे. युगांडाच्या २०२३ च्या कायद्यात समलैंगिक संबंधांना कठोर शिक्षा आहेच, शिवाय त्यांचा "प्रचार" हाही गुन्हा आहे. उलट अर्जेंटिनात २००६ च्या कायद्याने सर्वंकष लैंगिकता शिक्षण हा विद्यार्थ्यांचा हक्क आहे.

म्हणून स्थानिक संस्थेकडून लेखी माहिती मागा. संमतीचं वय काय, पालकांच्या परवानगीशिवाय अल्पवयीनांना कोणती आरोग्यसेवा मिळते, अत्याचाराची माहिती मिळाल्यास कळवणं कुणावर बंधनकारक आहे, शाळेत काय शिकवायला परवानगी आहे आणि काय नाही. तुमच्या फोनमधली, लॅपटॉपमधली शरीररचनेची चित्रं काही ठिकाणी अश्लील ठरू शकतात. साहित्य तिथेच छापून घेणं बरं.

इथे एलिसे ओटेसेन-येन्सेन यांची आठवण काढावीशी वाटते. त्या जन्माने नॉर्वेच्या. स्वीडनमध्ये स्थायिक झाल्या आणि गर्भनिरोधनाची जाहीर माहिती देण्यावर कायद्याने बंदी होती त्या काळात देशभर फिरून कामगार स्त्रियांशी या विषयावर बोलल्या. १९३३ मध्ये आरएफएसयू स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या, ती बंदी १९३८ मध्ये उठली आणि १९५५ मध्ये स्वीडनने शाळांमध्ये लैंगिक शिक्षण सक्तीचं केलं. परदेशातून येऊन त्यांनी कायद्याशी टक्कर घेतली हे खरं, पण त्या तिथेच राहिल्या आणि धोका त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. तुम्ही सहा महिन्यांनी विमानात बसणार आहात. तुमच्या एका धाडसी वाक्याची किंमत स्थानिक सहकारी मोजेल, तिची नोकरी जाईल, केंद्राचा परवाना जाईल. सीमा कुठपर्यंत ताणायची हे तिलाच ठरवू द्या. वर्गात जे बोलता येत नाही त्याबद्दल मुलांशी खोटं मात्र बोलू नका. "याबद्दल इथे मला बोलता येत नाही, पण केंद्रातल्या ताईंना विचारता येईल," एवढं म्हणण्याची मुभा आहे का ते आधी विचारून ठेवा.

पायरी ५: स्वतःला तपासा

एका कागदावर ही वाक्यं लिहा: "पंधरा वर्षांची मुलगी गर्भनिरोधक मागते." "मुलगा म्हणतो, मला मुलगेच आवडतात." "एक विद्यार्थिनी सांगते, लग्नापर्यंत मी काही करणार नाही." "आई झालेली सोळा वर्षांची मुलगी शाळेत परत आली आहे." प्रत्येक वाक्याला मनात पहिलं काय उमटतं ते प्रामाणिकपणे लिहा. ते कुणाला दाखवायचं नाही. पण तेच तुमच्या चेहऱ्यावर दिसणार आहे, म्हणून आधी तुम्हाला दिसायला हवं. थांबायचं ठरवलेल्या मुलीला मागासलेली समजणं हाही पूर्वग्रहच.

मुलं तुमच्या खाजगी आयुष्याबद्दलही विचारतील. "तुम्ही पहिल्यांदा कधी?" या प्रश्नाला एकच उत्तर: "माझ्या खाजगी गोष्टी मी इथे सांगत नाही, आणि तुम्हालाही तुमच्या सांगायची सक्ती नाही." हे न रागावता, न लाजता म्हणायचा सराव करा.

पायरी ६: कुणी काही सांगितलं तर

तुम्ही संमतीबद्दल बोलाल आणि कुणाच्या तरी लक्षात येईल की आपल्याबरोबर घडलं ते चुकीचं होतं. सत्र संपल्यावर ती व्यक्ती मागे रेंगाळेल. या एका प्रसंगासाठी तुम्ही तयार नसाल तर निघू नका.

"कुणाला सांगणार नाही ना?" असं ती विचारेल. वचन देऊ नका. म्हणा, "तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला एका व्यक्तीला सांगावं लागेल, पण वर्गात किंवा इतर कुणाला कळणार नाही." मग ऐका. तपशील खोदू नका, "तू ओरडली का नाहीस?" असं तर चुकूनही विचारू नका. तुमचं काम तपासाचं नाही. "तू सांगितलंस हे बरं केलंस, यात तुझी चूक नाही," एवढं सांगा. नंतर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि त्याच दिवशी संस्थेने नेमलेल्या बालसंरक्षण अधिकाऱ्याला कळवा. आरोपीला गाठायचं नाही आणि कुटुंबाशी परस्पर बोलायचं नाही, कारण त्याने त्या मुलीचा जीव धोक्यात येऊ शकतो. घटना नुकतीच घडली असेल तर वर सांगितलेले ७२ तास आणि पाच दिवस लक्षात आहेत ना? ते अधिकाऱ्याला आठवून द्या.

बाकीचे नियम कडक वाटतील, पण पाळा. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसू नका. वैयक्तिक फोन नंबर देऊ नका, समाजमाध्यमांवर मैत्री स्वीकारू नका. फोटो तर नकोच. लैंगिक आरोग्याच्या सत्रात दिसलेल्या मुलीला गावात "हिला काहीतरी झालंय" म्हणून वर्षानुवर्षं ऐकावं लागू शकतं.

अशा गोष्टी ऐकून रात्री झोप लागणार नाही. तुमचं बोलणं ऐकून घेणारं कुणीतरी, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, हे निघण्याआधीच ठरवून ठेवा.

पायरी ७: निघण्याआधीचा सराव

मित्रांचा गट जमवा आणि अर्ध्या तासाचं सत्र घ्या. त्यांना अवघड प्रश्न टाकायला सांगा. प्रश्नपेटीचा सराव खास करा. सगळ्यांना सारखाच कागद, सारखीच पेन्सिल आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर आवडतं गाणं लिहा. नाहीतर ज्याचा हात चालतोय त्याच्याकडे सगळे बघतात. चिठ्ठ्या आधी एकट्याने वाचा, उत्तरं सहकाऱ्याबरोबर ठरवा, अक्षर ओळखू येईल अशी चिठ्ठी वर्गात दाखवू नका.

उत्तर देताना माझी एक सवय आहे. आधी "असा प्रश्न अनेकांना पडतो", मग माहिती, मग कुठे जायचं ते. तिसरा भाग गाळला तर पहिले दोन वाया. त्यामुळे तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात स्वतः त्या दवाखान्यापर्यंत चालत जा. वेळ काय, पैसे लागतात का, बाहेरच्या खोलीत सगळ्यांसमोर नाव पुकारतात का, परिचारिका मुलांशी कशी बोलते ते बघा. मुलांना रागावून परत पाठवणाऱ्या ठिकाणाचा पत्ता देऊन उपयोग नाही.

आणि "मला माहीत नाही, विचारून पुढच्या वेळी सांगते" हे म्हणायची सवय लावा. पुढच्या वेळी सांगाही. तुम्ही डॉक्टर नसाल तर औषध, मात्रा, निदान यांत पडू नका.

पायरी ८: कागद आणि औषधं

पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करणं अनेक देशांत बेकायदा आहे, विनावेतन असली तरी. व्हिसाचा प्रकार संस्थेकडून लेखी घ्या. पीतज्वराची लस लागत असेल तर प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. रोजची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या आणि ती तिथे चालतात का ते बघा. विम्यात आजारपणात परत आणण्याची सोय हवी. तुम्हाला स्वतःला गर्भनिरोधक किंवा ७२ तासांतली औषधं लागली तर कुठे मिळतील, हेही शोधून ठेवा. इतरांना शिकवायला गेलेली माणसं नेमकं हेच विसरतात.

पोचल्यावर आणि परतताना

पहिले काही आठवडे मागच्या बाकावर बसा. फळा पुसा, खुर्च्या लावा, नावं शिका. कुणाचा विनोद चालतो, कुठे शांतता पसरते, शिक्षिका कोणता प्रश्न हळूच बाजूला ठेवतात, ते टिपून ठेवा आणि सत्र संपल्यावर त्यांना कारण विचारा.

परतण्याची तारीख मुलांना किमान तीन आठवडे आधी सांगा. शेवटची सत्रं शिक्षिकेने घ्यावीत आणि तुम्ही मागे बसावं. तयार केलेलं सगळं साहित्य, त्याच्या बदल करता येतील अशा फाइलींसह, त्यांच्या हवाली करा. तुमचं नाव आणि फोटो त्यावरून काढून टाका. प्रश्नपेटीतल्या चिठ्ठ्यांपैकी कोणते प्रश्न पुन्हा पुन्हा आले त्यांची यादी द्या, चिठ्ठ्या नष्ट करा आणि रिकामी पेटी त्यांच्या कपाटात ठेवून या.